अडतीस ठोके

१

सोनबा आप्पा दुसऱ्यांदा कोसळले ते भर दुपारी, अंगणातल्या कढीपत्त्याच्या झाडापाशी. हातातला तांब्या आधी पडला, मग आप्पा. आवाज झाला तो तांब्याचा. आप्पा इतके वाळले होते की त्यांच्या पडण्याचा आवाज घरात कुणाच्याच कानावर गेला नाही.

माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहणारी नम्रता तो तांब्या ऐकून खाली धावली. आप्पांचे डोळे उघडे होते, ओठ पांढरे पडले होते आणि तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. तिनं मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं, ही सोपी रीत तिला ठाऊक होती. पण ती पुरतं मिनिट मोजायची.

अडतीस.

"काकू, सूरजदादांना गाडी काढायला सांगा. आत्ता!"

विजयमालाकाकू, म्हणजे आप्पांच्या सूनबाई, हाका मारत बाहेर धावल्या. स्वयंपाकघराच्या दारात द्वारका उभी होती. आप्पा आणि आजींना सांभाळायला ठेवलेली बाई. हाताला भांड्यांचा साबण तसाच. आणि व्हरांड्यात, मांडीवर पानाची चंची घेऊन, सोजरबाई शांत बसल्या होत्या. साठ वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला त्या नवऱ्याला उचलून गाडीत घालताना त्यांनी पाहिलं आणि विचारलं, "पाव्हणं कुठलं म्हनायचं?"



संध्याकाळी आप्पांचा नातू सूरज दवाखान्यातून परतला. चपलाही न काढता तो आत आला.

"डॉक्टर म्हणतात, हृदयाची गोळी दुप्पट गेल्यासारखी नाडी आहे. मागच्या वेळीही असंच म्हणाल्या होत्या." मग तो द्वारकेकडे वळला. "बाई, गोळ्या तुमच्या हातात असतात ना?"

२

वारज्यात त्या घराला मान होता. हायवेच्या पलीकडची बरीचशी जमीन एके काळी याच घराची. आता तिथं इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांतल्या तीन सूरजनंच बांधलेल्या. दोन हजार पाच सालचं ते वारजे. जिथं आप्पांनी वांगी काढली तिथं आता कॉम्प्युटरवाली पोरं फ्लॅट बघत हिंडायची.

नम्रताही एका कॉम्प्युटरवाल्या कंपनीतच होती. बायोकेमिस्ट्रीची एमएस्सी, तीही पहिल्या वर्गात. पण हिंजवडीत तिचं काम एवढंच : परदेशातल्या डॉक्टरांनी पाठवलेली पत्रं वाचायची, कुठल्या औषधानं कुणाला काय त्रास झाला ते बघायचं आणि त्या त्रासाला एक आकडा द्यायचा. घेरी आली, अमुक आकडा. कारण कळलं नाही, तमुक आकडा. हा 'कारण कळलं नाही'चा आकडा तिनं वर्षभरात इतक्या वेळा टाकला होता की तिला त्याची चीड बसली होती.

आप्पा पडल्याच्या चौथ्या दिवशी, गुरुवारी, द्वारका माडीच्या जिन्यावर बसून रडत होती. "ताई, मी यवतमाळहून आली तवापासून आठ घरी म्हातारी माणसं सांभाळली. एकानं बोट नाही दाखवलं. आता सूरजभाऊ म्हणतात, आप्पा रविवारी घरी येतील, त्याच दिवशी तू जा, अन् जाताना पोलीस चौकीतून जा. चौकीत नाव लागलं तर पुण्यात कोण मले म्हाताऱ्या माणसाजवळ बसू देईल?"

"गोळी चुकून दोनदा दिलीत का? खरं सांगा. चूक असेल तर चूक म्हणून सांगता येईल."

"पोरीची शपथ, ताई. नाही."

नम्रतानं गोळ्यांचे डबे मागवले आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर सगळी पाकिटं पालथी केली. आप्पांच्या हृदयाची गोळी सकाळ-संध्याकाळ एकेक. आजींची विसरण्याच्या आजाराची गोळी दुपारी जेवणानंतर एक. विकत आणल्याची तारीख, उरलेल्या गोळ्या, गेलेले दिवस. दोन्हींचा हिशेब चोख लागला. एकही गोळी जास्त नाही, एकही कमी नाही.

"बघा," ती म्हणाली.

सूरज दाराला टेकून हसला. "मॅडम, मेडिकलची दुकानं वारज्यात पावलोपावली आहेत. बाहेरून आणून घातली असेल."

"कशासाठी?"

"ते चौकीत सांगेल ती. मला एवढंच माहीत आहे, की ही यायच्या आधी आजोबा कधी पडले नव्हते. ही आली आणि पंधरा दिवसांत पडले."

"किंक्रांतीला कामावर आली," विजयमालाकाकू भांडं आपटत म्हणाल्या. "संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी कुणी नवं काम धरतं का? मला तेव्हाच कळायला हवं होतं."

नम्रतानं पाकिटं पुन्हा डब्यांत भरली. सूरजचं बोलणं लागणारं होतं, पण खोटं नव्हतं. किंक्रांतीच्या दिवशी या घरात काहीतरी बदललं होतं, आणि तेव्हापासून एक माणूस मरणाच्या दारात दोनदा जाऊन आला होता.

रविवारला तीन दिवस उरले होते.

३

संशय घ्यायचा तर फक्त बाईवरच का? नम्रतानं सुरुवात सूरजपासून केली.

"सूरजदादा, आप्पांना तुम्ही कसलं तरी चूर्ण आणून दिलं होतंत ना?"

"शक्तीचं आहे. त्याचं काय?" त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "म्हणजे आता मी? मळ्याच्या तुकड्यावर आजोबा सही करत नाहीत म्हणून मी त्यांना मारतोय? गावात हेच बोलतात, माहितीये मला."

"मी डबा मागतेय, तुमचा जबाब नाही."

डबा अर्धा रिकामा होता. पण चूर्ण दिवाळीत आणलेलं, आणि दिवाळी ते संक्रांत आप्पा ठणठणीत होते. शिवाय काकूंनी पदराआड हसत सांगितलं, "अगं, मामंजी ते खातात कुठं? रोज दुपारी तांब्यात कालवून कढीपत्त्याला घालतात. म्हणतात, नातवानं आणलंय, फेकवत न्हाई. झाड बघ कसं तरारलंय!"

म्हणजे सूरजच्या चूर्णानं शक्ती आली ती झाडाला.

"काकू, आप्पांना पडण्याशिवाय दुसरा काही त्रास?"

"पोट बिघडलंय महिनाभर. दिवसातून चार-चार वेळा जावं लागतं. आणि उशी लाळेनं भिजते. आधी नुसतं पाणी पाणी करायचे, तोंड कोरडं पडतं म्हणून. आता उलटंच. म्हातारपण, दुसरं काय!"

नम्रतानं वहीत लिहिलं : लाळ, पोट. उलटंच.

"आणि आजी?"

"आत्यांचं काय सांगू. संक्रांतीनंतर फार बिघडल्या. पण एक गंमत बघ. मामंजी मागच्या वेळी दवाखान्यात होते ना, तेव्हा आठव्या दिवशी आत्यांनी मला नावानं हाक मारली! 'विजे' म्हणाल्या. मला रडू फुटलं. मामंजी घरी आले, आणि पुन्हा सगळं पुसलं गेलं."

"आप्पा घरी आले की आजी बिघडतात?"

"म्हणजे तसं नव्हे गं..." काकूंना आपलंच बोलणं विचित्र वाटलं.

"किंक्रांतीपासून घरात आणखी काय बदललं? द्वारकाबाई आल्या, त्याखेरीज?"

"काहीच नाही. हो, सुपारी बंद केली. डॉक्टरबाईंनी दोघांचीही बंद करायला सांगितली होती. माझ्याच्यानं होईना, द्वारका आली आणि तिनं पहिल्याच दिवशी चंचीतली सुपारी काढून टाकली. चंचीही काढून घेणार होतो, पण आत्या लहान लेकरासारख्या रडल्या. म्हणून ती राहू दिली. आत आहे काय? अडकित्ता आणि चुन्याची डबी."

द्वारकेलाही तिनं विचारलं, "आजींना गोळी कशी देता?"

"त्यांच्या हातावर ठेवतो, पाणी ठेवतो, अन् मंग भांडे घासाले जातो." द्वारका जरा घुटमळली. "काकू आधी त्यांच्या तोंडातच घालत होत्या. मले ते बरं नाही वाटत, ताई. घरच्या मोठ्या माणसाच्या तोंडात गोळी कोंबाची का? हातावर ठेवली की मान राहते."

सोजरबाई व्हरांड्यात होत्या. नम्रता शेजारी बसली तशा त्या हसल्या. "सरू, आलीस व्हय?" सरुबाई ही त्यांची धाकटी बहीण, जाऊन वीस वर्षं झाली होती.

"आले, आक्का," नम्रता म्हणाली. "चंची दाखव की."

आजींनी चंची मोठ्या मायेनं उलगडली. एका कप्प्यात चुन्याची डबी, एकात वाळून कोळपलेलं पान, आणि मधल्या कप्प्यात पितळी अडकित्ता. दांड्यावर राघू कोरलेला. पात्याच्या सांध्यात पांढरी भुकटी अडकली होती. चुना असेल, असं मनाशी म्हणत नम्रतानं अडकित्ता परत ठेवला.

जिना अर्धा चढल्यावर ती थबकली.

चुना बोटानं लावतात. अडकित्त्यानं चुना कोण कातरतं?

४

शुक्रवारी नम्रतानं रजा टाकली आणि नारायण पेठ गाठली. आप्पांच्या हृदयाच्या डॉक्टर नीरजा केतकर तिथं बसत. बारीक चष्मा, पांढरे केस, आणि समोरच्याला उभ्या उभ्या सोलणारा आवाज.

"आपण कोण? पेशंटची नात?"

"भाडेकरू."

"भाडेकरूला घरमालकाच्या नाडीची काळजी! पुण्यात हे नवीन आहे. बसा."

"डॉक्टर, आप्पांची नाडी ताळ्यावर यायला किती दिवस लागले?"

डॉक्टरांनी फाइल उघडली. उघडताना चेहऱ्यावरची थट्टा गेली. "तेच मला खुपतंय. त्यांची गोळी मी लगेच बंद केली. ती दीड-दोन दिवसांत अंगातून निघून जाते. मागच्या वेळी नाडी साठावर यायला सहा दिवस लागले. या वेळीही तशीच मुंगीच्या पावलानं चढतेय."

"म्हणजे अंगात जे होतं, ते तुमच्या गोळीपेक्षा जास्त दिवस मुक्काम करणारं होतं."

"असं म्हणायला पुरावा लागतो."

"त्यांना लाळ गळते. पोट बिघडलंय. हे तुमच्या गोळीनं होतं?"

"लाळ? मुळीच नाही. हे मला कुणी सांगितलं नाही." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "घरच्यांना वाटतं, हृदयाच्या डॉक्टरला पोटाचं काय सांगायचं. मीही विचारलं नाही, हेही खरं."

"आणि आप्पांच्या पत्नीला कुठली औषधं आहेत, हे आपल्याला माहीत आहे?"

"त्यांचे डॉक्टर वेगळे, दवाखाना वेगळा, फाइल वेगळी. मला कसं माहीत असणार?"

नम्रतानं पर्समधून रिकामं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. डोनेपेझिल, दहा मिलिग्रॅम : आजींची विसरण्याच्या आजाराची गोळी. घरातल्या गोळ्यांचा चोख हिशेबही तिनं सांगितला.

डॉक्टरांनी पाकीट उचलून उलटसुलट पाहिलं.

"हे त्यांच्या पोटात गेलं, असं म्हणायचंय तुम्हाला?" डॉक्टर हळूच म्हणाल्या. "कसं? गोळ्या मोजल्यात ना? एकही कमी नाही म्हणता. मग त्यांच्या पत्नीनं ती घेतलीच असणार."

"तेवढंच शोधायचं राहिलंय," नम्रता म्हणाली. "रविवारी आप्पांना सोडाल ना? तेव्हा आपण वारज्याला याल?"

"रविवारी मी कुणाकडेही जात नाही."

५

परतीच्या बसमध्ये तिला खिडकी मिळाली. बाहेरचं तिला काही दिसत नव्हतं. दिसत होत्या त्या पेशी.

पेशीच्या अंगावर कान असतात. पुस्तकात त्यांना ग्राही म्हणतात. शरीर रसायनांच्या तोंडून हाका मारतं; ज्या कानाला जी हाक ऐकू येते, त्याप्रमाणे पेशी आत हालचाल करते. हृदयाच्या पेशींना दोन तऱ्हेचे कान. एक ॲड्रेनॅलिनची हाक ऐकतात : पळ, जोरात पळ! दुसरे ॲसिटिलकोलिनची ऐकतात : थांब, सावकाश. एक ॲक्सिलरेटर, एक ब्रेक.

आप्पांचं हृदय थकलेलं. थकलेल्या हृदयावर शरीर सारखं ओरडतं, पळ पळ म्हणून. इतकं, की शेवटी पेशी ते कान आत ओढून घेतात आणि बहिऱ्या होतात. आप्पांची गोळी हा आरडाओरडा अडवते. निवांतपणा मिळाला की कान हळूहळू पुन्हा बाहेर येतात. म्हणजे ॲक्सिलरेटरवरचा पाय आधीच सैल केलेला.

आजींचं उलट. तिथं मेंदूत ऐकणाऱ्या पेशी बसल्या आहेत, पण हाक देणाऱ्याच मरत चालल्यात. आजींची गोळी नव्या हाका देऊ शकत नाही. आहे ती हाक लवकर पुसली जाऊ देत नाही, एवढंच. पण गोळीला काय ठाऊक, आपण मेंदूतच थांबायचं आहे! ती अंगभर फिरते. लाळेच्या ग्रंथींना तीच हाक, आतड्यांना तीच, आणि हृदयाच्या ब्रेकलाही तीच.

ॲक्सिलरेटर सोडला म्हणून तोंडाला पाणी सुटत नाही. ब्रेक दाबला की सुटतं. आप्पांच्या गाडीचा ॲक्सिलरेटर सैल होताच. वरून कुणीतरी ब्रेकही दाबत होतं.

आणि आजी? आप्पा घरात असले की आजी बिघडतात. जे एकाला जास्त होत होतं, तेच दुसऱ्याला कमी पडत होतं. गोळ्यांचा आकडा चोख लागणारच, कारण एकही गोळी घराबाहेरून आली नव्हती आणि एकही बाहेर गेली नव्हती.

घरी येताच तिनं द्वारकेकडून चिमूटभर हळद मागितली. दोन बशा घेतल्या, दोन्हींत हळद, वर पाण्याचा थेंब. एका बशीत चंचीतल्या डबीतला चुना टाकला. डोळ्यांदेखत हळद कुंकवासारखी लालभडक झाली.

दुसऱ्या बशीत तिनं अडकित्त्याच्या सांध्यातली पांढरी भुकटी सुईच्या टोकानं झटकली. ढवळली. वाट पाहिली.

हळद पिवळीच राहिली.

६

रविवारी आप्पा घरी आले. पांढरंशुभ्र धोतर, काठी, आणि नाडी त्रेसष्ट. पाठोपाठ रिक्षातून डॉक्टर केतकर उतरल्या. "मी जेवायला आलेली नाही," त्यांनी दारातच जाहीर केलं. "कुणी आग्रह करू नये."

जेवणं झाली. द्वारकेचं बोचकं दाराशी बांधून तयार होतं. सूरजनं गाडीची किल्ली बोटावर फिरवायला सुरुवात केली होती.

"पाच मिनिटं," नम्रता म्हणाली. "द्वारकाबाई, रोज देता तशी आजींना गोळी द्या. फक्त आज ही द्या." तिनं पेपरमिंटची पांढरी गोळी पुढं केली. "आणि रोजच्यासारखं आत जा. आपण सगळे खिडकीआडून बघू या."

व्हरांड्यात दोघंच उरले. आप्पा आरामखुर्चीत, आजी चटईवर. द्वारकेनं गोळी आजींच्या तळहातावर ठेवली, पाण्याचा पेला ठेवला आणि आत आली.

आजींनी गोळीकडे पाहिलं. आप्पांकडे पाहिलं, अनोळखी माणसाकडे पाहावं तसं. मग गोळी उचलून त्या तोंडाकडे नेऊ लागल्या.

"झालं!" सूरज पुटपुटला. "आजी तर स्वतःच खातेय. मॅडम, तुमचं शास्त्र—"

नम्रताचं गणित चुकलं होतं का? अडकित्ता, भुकटी, तारखा, सगळं जुळत होतं. मग काय राहिलं? आप्पा दवाखान्यात असताना आजी पूर्ण गोळी घेत होत्या आणि सुधारत होत्या. म्हणजे काहीतरी असं होतं, जे फक्त आप्पा करत. आज करत नव्हते. कारण आज आत डॉक्टर बसल्या होत्या!

ती झपकन व्हरांड्यात गेली आणि आजींचा हात अलगद धरला. "आप्पा, जेवण झालं की तुम्ही आजींना रोज काहीतरी म्हणता. आज म्हणाला नाहीत."

आप्पांनी मान खाली घातली. "म्या? म्या काय म्हननार?"

"म्हणा ना. कुणी रागावणार नाही. द्वारकाबाईंचं बोचकं दाराशी बांधून ठेवलंय, आप्पा. त्यांना चौकीत नेतायत."

"चौकीत? कशापायी?" म्हाताऱ्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी दाराकडे पाहिलं, खिडकीतल्या डॉक्टरांच्या चष्म्याकडे पाहिलं, आणि चोरी पकडलेल्या पोरासारखे ओशाळले. मग घसा साफ केला आणि हळूच हाक दिली :

"सोजर... पान लाव की."

आजींचा हात थांबला.

विझत आलेल्या डोळ्यांत काहीतरी हललं. चंची उलगडली गेली. राघूचा अडकित्ता बाहेर आला. बोटं, ज्यांना सूनबाई माहीत नव्हती, नातू माहीत नव्हता, त्या बोटांनी गोळी पात्याखाली नेमकी मधोमध धरली.

कट्.

अर्धा तुकडा आजींनी आपल्या तोंडात टाकला. दुसरा पुढं केला. "घ्या धनी," त्या म्हणाल्या.



७

"किंक्रांतीला दोन गोष्टी एकदम झाल्या," नम्रता सांगत होती. "सुपारी गेली, आणि त्याच वेळेला, जेवणानंतर, आजींच्या तळहातावर एक गोल, कडक वस्तू येऊ लागली. द्वारकाबाईंनी मान ठेवला म्हणून हातावर. आजींनी साठ वर्षं सुपारी एकटीनं खाल्ली नाही. आप्पांनी हाक दिली की त्या कातरायच्या, अर्धी धन्याला द्यायच्या. तेच केलं. गेला महिनाभर आप्पा घरी असले की त्यांना रोज अर्धी गोळी जास्त झाली आणि आजींना अर्धी कमी पडली."

"पण आजीला माझं नाव आठवत नाही," सूरज म्हणाला, "आणि हे आठवतं?"

"नाव डोक्यात असतं, दादा. हे हातात आहे. हातातलं सगळ्यात शेवटी जातं."

डॉक्टर केतकरांनी चष्मा पुसला. पुसायला जरा जास्तच वेळ लावला. "सोनबाराव, सुपारी सोडली म्हणून मला देवाची शपथ घेऊन सांगितलं होतंत ना?"

"सुपारी म्हनूनच खाल्ली की!" आप्पा कळवळून म्हणाले. "डोळ्यानं धड दिसत न्हाई. कडू लागायचं, म्हनलं कात लागलाय. तुमाला कळलं तर ह्येबी बंद कराल, म्हनून गप बसलो. दिसभर ती मला पाव्हनं म्हनती, बाई. त्या येका घडीला धनी म्हनती. ते कसं सोडू म्या?"

डॉक्टरांनी पेनचं टोपण काढलं. त्यांनी आपल्या फाइलवर, आप्पांच्या नावाखाली, आजींची सगळी औषधं स्वतःच्या हातानं लिहिली. मग नम्रताकडे वळल्या. "चार वर्षं मी एका घरातल्या दोन माणसांपैकी एकच तपासत होते. तुम्ही त्या कंपनीत आकडे टाकत बसता म्हणे? नारायण पेठेत येऊन मला विचारत जा असले प्रश्न. चहा मिळणार नाही."

सूरजनं किल्ली खिशात टाकली. दाराशी जाऊन बोचकं उचललं, स्वतःच्या हातानं आत आणून ठेवलं. "बाई, चुकलो मी," तो म्हणाला.

"मी किंक्रांतीचं बोलले ते मनावर घेऊ नकोस गं," काकू म्हणाल्या.

द्वारकेनं डोळे पुसले. "मनावर नाही घेत, काकू. पण म्हाताऱ्या माणसाची नाडी कशी मोजाची, ते मले शिकवा ताई. परत कोणी अडतीस म्हणलं तर मले आधी कळलं पाहिजे."

तिला शिकायला दोन दिवस लागले. पुरतं मिनिट, पंधरा सेकंद नव्हे. आजींची गोळी आता गुळाच्या खड्यात दडवून थेट तोंडात जाते, आणि द्वारका ती गिळेपर्यंत समोरून हलत नाही. मान कसा राखायचा, त्याचीही तोड तिनंच काढली : जेवणानंतर चंचीत एक खारीक ठेवायची.

तीन आठवड्यांनी, दुपारी, नम्रता जिन्यात बसून पाहत होती. द्वारकेनं आप्पांचं मनगट सोडलं आणि वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं : सहासष्ट. आप्पांनी खाकरून हाक दिली. आता चोरून नाही, चांगली वाड्यावस्तीला ऐकू जाईल अशी :

"सोजर, पान लाव की!"

राघूचा अडकित्ता निघाला. कट्. अर्धी खारीक धन्याच्या हातात गेली. उरलेली अर्धी आजी तोंडाकडे नेणार, तेवढ्यात त्यांची नजर वही घेऊन उभ्या असलेल्या द्वारकेवर पडली. त्यांनी तो अर्धा तुकडा पुन्हा पात्याखाली धरला.

कट्.

"ही घे," आजी म्हणाल्या. "तू बी घरचीच की."